विसरण्याची तजवीज

गेल्या वर्षी माघातल्या एका सकाळी आमच्या मेहुण्यांना अकस्मात रुग्णालयात हलवावे लागले, आणि तेथील धावपळ जराशी निवळल्यावर, विम्याचे कागद काढायचे म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने त्यांची डायरी माझ्यापुढे आणून ठेवली. मेहुणे नोकरीत असताना हिशेबतपासनीस होते. त्यामुळे डायरीच्या अखेरच्या पानावर, दुधाच्या हिशेबाच्या खाली, तांबड्या शाईने रेघा आखून त्यांनी आपल्या सर्व ऑनलाइन खात्यांची यादी मोठ्या टापटिपीने केलेली होती: बँक, प्राप्तिकर, निवृत्तिवेतन, विमा, रेल्वे, वीजबिल, ईमेल. परंतु पासवर्डाच्या रकान्यात जे लिहिले होते ते असे: ‘नेहमीचा’, ‘नेहमीचा, पहिले अक्षर मोठे’, ‘नेहमीचा व शेवटी १’, आणि विम्यासमोर, दोनदा खोडून तिसऱ्यांदा, ‘नेहमीचा, पण उलट’. “दादा, हा नेहमीचा म्हणजे कोणता रे?” असे बहिणीने विचारले, आणि औषधांच्या गुंगीत पडलेल्या मेहुण्यांखेरीज त्याचे उत्तर देऊ शकेल असा मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर कोणी नव्हता.

इतरांच्या दप्तरात जी ढिलाई त्यांनी एक दिवसही चालू दिली नसती ती त्यांच्या स्वतःच्या घरात वहिवाट होऊन बसली होती. आणि याला दोष म्हणावा तर तो आपणा बहुतेकांचा आहे. परक्या चोराने घटकाभरात शोधून काढावी आणि घरच्या माणसाला अडल्या वेळी सापडू नये, अशी ही जी विपरीत व्यवस्था आपण करून ठेवतो, तिचे मूळ एका समजुतीत आहे. पासवर्ड ही ध्यानात ठेवण्याची वस्तू होय, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती अशी आहे की, एका अपवादाखेरीज, ती रीतसर विसरून जाण्याची वस्तू आहे. आणि त्या विसरण्याची तजवीज करणारे ‘पासवर्ड मॅनेजर’ नावाचे साधन निवडावे कसे व वापरावे कसे, हे सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठीत पासवर्डाला ‘परवलीचा शब्द’ हे नाव आहे. रात्रीच्या पहाऱ्यावरचा शिपाई अंधारातून येणाऱ्याला अडवून जी खूण विचारी ती परवली. तिची कामगिरी थोडक्या वेळेपुरती आणि थोडक्या माणसांपुरती असे. संगणकाच्या दारावर हा शिपाई उभा राहिला तो १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत, फर्नांदो कॉर्बातो यांच्या गटाने एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी योजना केली तेव्हा. प्रत्येकाचे दप्तर निराळे राहावे म्हणून प्रत्येकाला निराळा शब्द देण्यात आला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, आपल्या वाट्याचा यंत्राचा वेळ पुरेना म्हणून, त्या सर्व शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. म्हणजे परवली जन्मली आणि दात येण्यापूर्वीच फुटली. खुद्द कॉर्बातो यांनीही २०१४ साली, आपल्या अनेक पासवर्डांची यादी आपण कागदावर बाळगत आलो, अशी मोकळेपणाने कबुली दिली. ज्याने ही प्रथा पाडली त्याची स्मृती जिथे हरली, तिथे इतरांनी आपल्या स्मृतीवर भिस्त ठेवण्याचे कारण नाही.

पासवर्ड फुटतो कसा, याविषयीची आपली कल्पना बहुधा चुकीची असते. कोणी चतुर चोर आपल्या एकट्याच्या खात्यासमोर बसून तर्क लढवीत आहे, असे चित्र आपण डोळ्यांपुढे आणतो, आणि ‘आपल्यासारख्या सामान्य माणसाच्या मागे कोण लागतो’ असे म्हणून निश्चिंत होतो. प्रत्यक्षात चोरी होते ती आपल्या दारी होतच नाही. ती एखाद्या संस्थेच्या कोठारात होते, आणि तेथून लक्षावधी लोकांचे ईमेल-पत्ते व पासवर्ड एकगठ्ठा बाहेर पडतात. लिंक्डइन या प्रख्यात स्थळाचे दप्तर २०१२ साली फुटले, आणि २०१६ साली त्यातील सुमारे ११ कोटी ७० लक्ष नोंदी चोरबाजारात विक्रीला आल्या. त्याच सुमारास फेसबुकचे संस्थापक मार्क झुकेरबर्ग यांची इतर दोन स्थळांवरील खाती काही काळ परक्यांच्या हाती गेली, तेव्हा त्यांचा पासवर्ड आपणास याच यादीत मिळाला, असे त्या घुसखोरांनी जाहीर केले. एका ठिकाणची किल्ली घेऊन ती शंभर दारांना लावून पाहण्याचे काम माणूस करीत नाही, यंत्र करते. आणि ‘शेवटी १’, ‘पहिले अक्षर मोठे’, ‘उलट’ या ज्या क्लृप्त्या आपल्याला आपल्या खास वाटतात, त्या त्या यंत्राच्या जंत्रीत अगदी आरंभीच्या पानांवर असतात. एखाद्या मिठाईच्या दुकानाला दिलेला पासवर्ड जर ईमेललाही असेल, तर त्या दुकानदाराच्या गाफीलपणावर आपली बँक तारण राहते. कारण ज्याच्या हाती ईमेल गेले त्याला ‘पासवर्ड विसरलो’ या एका दुव्याच्या जोरावर बाकीची बहुतेक दारे उघडून घेता येतात.

यावर पूर्वी जो उपाय सांगितला जाई, म्हणजे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात मोठे अक्षर, आकडा व चिन्ह घाला, तो आता त्याच्या जनकांनीच मागे घेतला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण-संस्थेसाठी २००३ साली ही नियमावली लिहिणारे बिल बर्र यांनी पुढे तिच्याबद्दल खेद व्यक्त केला. आणि त्या संस्थेने २०१७ च्या सुधारित आवृत्तीत ठरावीक मुदतीने सक्तीने बदल करवण्याची व चिन्हांची अट काढून टाकून लांबीला महत्त्व दिले. कारण उघड आहे: सक्ती झाली की माणूस नवा पासवर्ड करीत नाही, जुन्याच्या शेपटीला एक आकडा जोडतो. पासवर्ड लांब हवा, कोणत्याही अर्थाशी निगडित नसलेला हवा, आणि प्रत्येक खात्याला निराळा हवा. आणि या तीन गुणांचे साठ-सत्तर पासवर्ड ध्यानात राहणे मनुष्यस्वभावात बसत नाही.

येथे पासवर्ड मॅनेजर उपयोगी पडतो. त्याला मी दप्तरदार म्हणतो. तो प्रत्येक खात्यासाठी वीस अक्षरांचा निरर्थक पासवर्ड स्वतः घडवितो, तो आपल्या वहीत नोंदवितो, आणि त्या स्थळी गेले असता स्वतः भरतो. आपल्याला तो वाचावा लागत नाही, मग ध्यानात ठेवण्याची गोष्टच दूर. ही वही एका मुख्य पासवर्डाने बंद होते. तो शब्द यंत्र जसाच्या तसा वापरीत नाही. एका गणिती चरकातून तो लक्षावधी वेळा पिळून काढून (अशा एका प्रचलित पद्धतीत हल्ली ६ लक्ष आवर्तनांची शिफारस केली जाते) त्यातून किल्ली तयार होते, आणि त्या किल्लीने सर्व वही कूटलिपीत जाते. चांगल्या दप्तरदाराच्या बाबतीत ही क्रिया आपल्याच यंत्रावर घडते आणि कंपनीकडे जाते ती केवळ कूटलिपीतील वही. त्यामुळे मुख्य पासवर्ड कंपनीला ठाऊक नसतो, आणि आपण तो विसरलो तर बहुधा ती तो परतही देऊ शकत नाही. या दुसऱ्या गोष्टीचा धाक वाचकाने अवश्य बाळगावा. तिच्या बंदोबस्ताचा विचार पुढे केला आहे.

आता कोणीही विचारी मनुष्य असा आक्षेप घेईल की, सर्व किल्ल्या एका जुडग्यात ओवल्यावर जुडगाच गेला तर काय? आक्षेप रास्त आहे, आणि तो केवळ कल्पनेतला नाही. २०२२ साली लास्टपास या कंपनीच्या कोठारात घुसखोरी होऊन ग्राहकांच्या वह्यांच्या नकला चोरीस गेल्या. त्यांतील पासवर्ड कूटलिपीत होते, परंतु कोणाचे खाते कोणकोणत्या स्थळांवर आहे ते पत्ते उघडे होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड भक्कम होता त्यांच्या हाती पासवर्ड बदलण्याइतका अवकाश राहिला. ज्यांचा कच्चा होता त्यांच्या वहीवर चोराला सवडीने, कोणाच्याही देखत नसताना, तर्क लढविण्याची मुभा मिळाली. तात्पर्य, तिजोरी चोरीला जाईल असे गृहीत धरूनच तिची किल्ली घडवली पाहिजे.

ती घडविण्याची एक घरगुती रीत येथे तपशिलाने देतो. हजारभर पानांचा मराठी शब्दकोश घ्यावा. शून्यापासून नवापर्यंतच्या दहा सारख्या चिठ्ठ्या करून एका वाटीत टाकाव्यात. एक चिठ्ठी काढून आकडा लिहावा, चिठ्ठी परत टाकावी, वाटी हलवावी, आणि असे चार वेळा करावे. पहिले तीन आकडे म्हणजे पान, चौथा म्हणजे त्या पानावरील कितवा शब्द. ०००चे हजारावे पान आणि ०चा दहावा शब्द समजावा. असे पाच शब्द जमवावेत. समजा, कंदील, उंबरा, जिराईत, भोवरा आणि टोपले असे शब्द निघाले, तर ते रोमन लिपीत, मध्ये आडवी रेघ देऊन लिहावेत, कारण देवनागरीतील पासवर्ड सर्वच यंत्रांवर नीट उमटतो असे नाही. आणि ‘कंदील’मधील ईकार एका अक्षराने लिहायचा की दोन, हे आरंभीच ठरवून टाकावे, नाहीतर ऐन वेळी दार आपल्यालाच उघडणार नाही. एखादा शब्द फारच अवघड आला तर चारही चिठ्ठ्या पुन्हा काढाव्यात. शेजारचा सोयीचा शब्द उचलू नये, कारण सोयीचा शब्द म्हणजे पुन्हा ‘नेहमीचा’च. वर छापलेले पाच शब्द आता सर्वांना ठाऊक झाले आहेत, हे सांगायला नकोच.

या रीतीने होणाऱ्या शक्यतांची गणना करून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक शब्दाला दहा हजार पर्याय, म्हणून पाच शब्दांच्या जुळण्या एकावर वीस शून्ये इतक्या होतात. भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेल्या संख्यानामांपैकी अखेरचे जे परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये, त्याची ही हजारपट. चोराचे यंत्र सेकंदाला दहा लाख तर्क करते असे धरले, तरी सर्व जुळण्या संपवायला त्याला ३१ लक्ष वर्षांहून अधिक काळ लागेल. उलट, ज्या जन्मतारखेवर आपला एवढा विश्वास असतो तिचे पाहा: गेल्या शंभर वर्षांत एकूण तारखाच मुळी ३६,५२५ होतात, तेवढ्या त्याच यंत्राला सेकंदाच्या पंचविसाव्या भागालाही पुरत नाहीत. तीच गत नातवाच्या नावाची, आराध्यदैवताची आणि आवडत्या अभंगाच्या पहिल्या चरणाची. जे आपल्याला प्रिय आहे ते आपल्या समाजालाही प्रिय आहे, आणि म्हणून ते चोराच्या यादीत आहे.

दप्तरदार कोणता निवडावा, या प्रश्नावर फार काळ घुटमळू नये. डोमिनिक रायशल यांनी २००३ साली सिद्ध केलेला कीपास आणि त्याच कुळातील कीपासएक्ससी हे विनामूल्य असून त्यांची वही आपल्याच यंत्रावर एका फाइलीच्या रूपाने राहते; ज्यांना वही परक्या कोठारात जाऊच नये असे वाटते, आणि तिची नकल नियमाने दुसरीकडे काढून ठेवण्याची ज्यांच्या अंगी शिस्त आहे, त्यांना हे योग्य. बिटवॉर्डनची संगणकाज्ञावली सर्वांना तपासण्यास खुली आहे, त्याचा मूळ वापर विनामूल्य आहे, आणि संगणकावर केलेली नोंद मोबाइलवर आपोआप दिसते. सर्वसाधारण कुटुंबाला मी हाच सुचवितो. वनपासवर्डला वर्गणी पडते. ज्यांना यांपैकी काहीच झेपत नाही त्यांनी अ‍ॅपलच्या किंवा गूगलच्या मोबाइलमध्ये अंगचीच असलेली सोय वापरावी. आणि ज्यांना तीही नको, त्यांनी प्रत्येक खात्याला निराळा पासवर्ड करून तो वहीत लिहून ती वही कपाटात कुलपाखाली ठेवावी. कागदावर लिहिणे हे पाप नाही. मेहुण्यांची चूक लिहिण्यात नव्हती, एकच शब्द सगळीकडे चालविण्यात होती, आणि तोच तेवढा न लिहिण्यात होती.

दप्तरदार नेमल्यावर सर्व पासवर्ड एका दिवसात बदलण्याचा हव्यास धरू नये. तसा धरणारे तिसऱ्या दिवशी कंटाळून जुन्या वाटेला लागतात. पहिल्या दिवशी फक्त ईमेल, कारण बाकीच्या सर्वांचे नाक तेथे आहे. त्यानंतर बँका, मग प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी व डिजिलॉकर, आणि मग उरलेली खाती जशी वापरात येतील तशी. ब्राउझरमध्ये पूर्वी साठलेले पासवर्ड नव्या वहीत आणताना मधल्या टप्प्यात एक साधी फाइल तयार होते आणि ती ‘डाउनलोड्स’च्या कप्प्यात उघडीनागडी पडून राहते, काम झाल्याबरोबर ती कचरापेटीसह नाहीशी करावी, नाहीतर तिजोरीला कुलूप लावून यादी दारावर चिकटविल्यासारखे होईल.

दप्तरदाराचा आणखी एक गुण फारसा कोणी सांगत नाही, पण माझ्या मते तो सर्वांत मोलाचा आहे. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या संदेशातील दुवा दाबला की हुबेहूब बँकेसारखे पान उघडते. तेच बोधचिन्ह, तोच रंग, तीच अक्षरे. माणूस रूपाला भुलतो. दप्तरदार रूप पाहतच नाही, तो स्थळाचा पत्ता नोंदीशी ताडून पाहतो, आणि एका अक्षराचा फरक पडला तरी पासवर्ड भरण्यास पुढे येत नाही. त्याचे हे मौन म्हणजे धोक्याची सूचना समजावी, आणि ‘आज यंत्र बिघडले वाटते’ असे म्हणून पासवर्ड हाताने उतरवून भरू नये. याला एक प्रामाणिक अपवाद आहे: रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेले पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत घेण्यास फर्माविले, त्यामुळे खऱ्या बँकेच्या नव्या पत्त्यावरही जुना दप्तरदार अडखळतो. अशा वेळी संदेशातील दुव्यावर न जाता, शाखेत विचारून खात्री केलेला नवा पत्ता स्वतः टाइप करावा आणि नोंदीत दाखल करावा.

माझी सारी नोकरी कोषागारात गेली. तेथील भक्कम खोलीला दुहेरी कुलूप असे. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे, आणि दोघे समक्ष हजर झाल्याखेरीज मुद्रांकांचा एक कागदही बाहेर येत नसे. दोघांपैकी एकावर अविश्वास म्हणून ही व्यवस्था नव्हती. एक चूक एकट्याने पुरी पडू नये म्हणून होती. हेच दुहेरी कुलूप दप्तरदाराला व ईमेलला लावावे. मोबाइलवरील ऑथेंटिकेटर हे अ‍ॅप बहुधा दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकड्यांचा अंक दाखविते. तो भरल्याशिवाय नव्या यंत्रावर दार उघडत नाही, मग पासवर्ड चोराच्या हाती असो वा नसो. संदेशाने येणारा ओटीपी नसण्यापेक्षा बरा, परंतु आपल्या नावाचे सिमकार्ड दुसऱ्यानेच काढून घेतल्यास तो त्याच्याकडे जातो, हे विसरू नये. दुहेरी कुलूप लावताना जे पुनःप्राप्तीचे संकेतांक मिळतात ते कागदावर उतरवून ठेवावेत. मोबाइल हरवला तर तीच दुसरी किल्ली. अलीकडे काही स्थळे ‘पासकी’ देऊ लागली आहेत. तिच्यात चोरण्याजोगा शब्दच नसतो, म्हणून जिथे मिळेल तिथे ती घ्यावी.

एटीएमचा व यूपीआयचा पिन मात्र दप्तरदाराकडे न देता ध्यानातच ठेवावा. चार-सहा आकडे एवढे तोकडे असूनही तेथे चालतात, कारण त्यांच्यासोबत कार्ड किंवा आपलाच मोबाइल लागतो, आणि थोड्याच चुकांनंतर बँक दार लावून घेते; चोराला सवडीने तर्क लढविण्याची मुभा तेथे नाही. आणि इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजून किंवा विचार करीत न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा व बँकेला कळवावे; अशा प्रसंगी पहिला तास पुढच्या महिन्यापेक्षा मोठा असतो.

राहिला प्रश्न वारसांचा. मुख्य पासवर्ड आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नसावा, हे जितके खरे तितकेच, आपण नसताना तो कोणाला तरी मिळावा, हेही खरे. याला कोषागाराचाच उपाय आहे: किल्लीची दुसरी प्रत मोहोरबंद करून अन्यत्र ठेवणे. मुख्य पासवर्ड आणि पुनःप्राप्तीचे संकेतांक स्वच्छ अक्षरात कागदावर लिहावेत, कागद पाकिटात घालावा, पाकीट चिकटवून त्याच्या सांध्यावर तारखेसह सही करावी, आणि ते मृत्युपत्रासोबत किंवा बँकेच्या लॉकरात ठेवून त्याची वर्दी एका विश्वासाच्या माणसाला द्यावी. वर्षातून एकदा ते पाहावे. सही अभंग असेल तर परवली फुटलेली नाही.

मेहुणे बरे होऊन घरी आले तेव्हा आम्ही दोघांनी एक आठवडाभर, दुपारच्या चहानंतर, हे सारे केले. चिठ्ठ्या बहिणीने काढल्या. चौथा शब्द ऐकून तिला हसू आवरेना. पाकिटावर मेहुण्यांनी तांबड्या शाईने सही केली आणि ते तिच्या शालूच्या घडीखाली गेले. परवा मी सहज त्यांना ईमेलचा पासवर्ड विचारला, तर ते म्हणाले, “मला काय ठाऊक?”, आणि असे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर, ताळा बिनचूक जुळल्यावर हिशेबतपासनिसाच्या चेहऱ्यावर दिसते तसे समाधान होते. यंदाच्या डायरीच्या अखेरच्या पानावर फक्त दुधाचा हिशेब आहे.